मदत हवी आहे : जंताचं औषध देऊनही मुलाचे जुलाब थांबत नाहीत

कातरवेळ
मुलाला आज एकोणिसावा दिवस. दिवसातून सहा-सात वेळा पातळ शी, नुसतं पाणी. वास असा की खोलीत उभं राहवत नाही. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसतो. अल्बेंडाझोल देऊन झालं. शीची तपासणी झाली, 'नॉर्मल' आली. डॉक्टर म्हणतात थांबेल हळूहळू. कुणाच्या मुलाला असं झालं असेल तर कशाने थांबलं एवढंच सांगा. 'डॉक्टरांना दाखवा' असं लिहू नका, दाखवलंय.

दुधाचेदात
वय? वजन? ताप आहे का? शीतून रक्त किंवा शेंबूड? लघवी किती वेळा होते? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

अण्णा७२
झोपेत दात खातो का? खात असेल तर जंतच. आमच्या थोरल्याचं असंच होतं. अल्बेंडाझोलचा एक डोस कधी कधी पुरत नाही, पंधरा दिवसांनी परत द्या. आणि गोड बंद करा.

गप्पूशेठ
अण्णा, दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध लावणं सोडा आता. गोडाचंही तेच. जंत होतात ते अंडी पोटात गेल्याने, साखरेने नाही.

अण्णा७२
तुम्ही किती मुलं वाढवलीत?

पानगळ
पिनवर्म (दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत) असणार! शीच्या तपासणीत ते बहुतेकदा सापडतच नाहीत. मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, त्यानेच खाज सुटते. सकाळी उठल्याबरोबर, धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबायची आणि काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. ओळीने तीन सकाळी करा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा. गोळीने जंत मरतात, अंडी नाही. चादरी, चड्ड्या गरम पाण्यात, नखं बारीक. मी या प्रकरणात वर्षभर अडकले होते, त्यामुळे लिहायला घेतलं की थांबत नाही.

कातरवेळ
खाज नाहीये हो. जुलाब आहेत. आणि त्याला जंत होतीलच कसे? लेव्हॅमिझोल एक दिवसाआड चालूच आहे. तीही जंताचीच गोळी ना?

दुधाचेदात
लेव्हॅमिझोल? एक दिवसाआड? किती महिन्यांपासून? कोणी दिलंय आणि कशासाठी?

कातरवेळ
किडनीच्या डॉक्टरांनी, पाच महिने झाले. त्याचा याच्याशी काय संबंध? प्रश्न पोटाचा आहे. वय चार वर्षं, वजन साडेतेरा किलो, महिन्यापूर्वी पंधरा होतं. ताप नाही, रक्त नाही.

दुधाचेदात
ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून लघवीत प्रोटीन गळण्याचा आजार, आहे ना? स्टेरॉइडही चालू असेल.

कातरवेळ
ताई नाही, बाबा. हो, नेफ्रोटिक. प्रेडनिसोलोन एक दिवसाआड. ते तर दोन वर्षं चालूच आहे, त्यात नवीन काय लिहायचं?

दुधाचेदात
बाबा, तेच तर सगळं आहे. माझी मुलगी नेफ्रोटिक, आता नऊ वर्षांची. लेव्हॅमिझोल मूळचं जंताचं औषध हे खरं, पण आपल्या मुलांना ते आजार सारखा उलटू नये म्हणून देतात. त्याच्या जिवावर 'जंत होणारच नाहीत' असं धरून चालू नका. आणि दुसरं, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबलेली असते. धडधाकट मुलाला आठवडा-दोन आठवडे त्रास देऊन निघून जाणारा परजीवी अशा मुलाच्या आतड्यात महिनाभर ठाण मांडतो. पोटाच्या डॉक्टरांना स्टेरॉइडबद्दल सांगितलं होतंत का?

कातरवेळ
त्यांनी विचारलं नाही.

गप्पूशेठ
घ्या.

काचपट्टी
लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. 'नॉर्मल' म्हणजे काय बघून नॉर्मल, हे विचारा. रोजच्या तपासणीत पस सेल्स, रक्त, जंतांची अंडी, अमिबा, जिआर्डिया एवढं बघितलं जातं. जिआर्डियाही रोज बाहेर पडत नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी मात्र साध्या स्लाइडवर हातातून निसटतो. त्याचे ऊसिस्ट (शीतून बाहेर पडणारं त्याचं कवचबंद रूप) जेमतेम चार ते सहा मायक्रॉन, रक्तातल्या लाल पेशीहूनही लहान, यीस्टसारखे दिसतात. त्याला मॉडिफाइड अ‍ॅसिड फास्ट स्टेन (स्लाइड रंगवण्याची खास पद्धत) किंवा अँटिजेन टेस्ट लागते, आणि फॉर्मवर लिहून आल्याशिवाय आम्ही ती करत नाही. स्टेन केला की निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल ठिपके उठून दिसतात. एकदा डोळ्यात बसले की विसरत नाहीत. आणि अल्बेंडाझोलच्या एका डोसाने हा हलत नाही.

अण्णा७२
म्हणजे लॅबवाल्यांना आणखी एक टेस्ट. मी सांगतो, पाण्यात क्लोरीनचे थेंब टाका, सगळं मरतं.

काचपट्टी
अण्णा, नेमका हाच मरत नाही. नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनमध्ये तो कित्येक दिवस टिकतो. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यातून अंदाजे ४ लाख लोक यानेच आजारी पडले. पाणी खळखळून मिनिटभर उकळलं की मात्र मरतो. सॅनिटायझरचाही उपयोग नाही, साबणाने हात धुवावे लागतात.

पानगळ
मग यूव्हीवाला फिल्टर चालतो का? आमच्याकडे तो आहे. आरओ घ्यावा का यावर वेगळा धागा काढू का?

गप्पूशेठ
यूव्ही चालतो, दिवा वेळेवर बदलला तर. धागा काढा, पण इथे नको.

निशिगंध_१
त्या लोपेरामाइडच्या गोळ्या मिळतात ना, दोन तासांत बंद होतात जुलाब. मी प्रवासात घेते.

दुधाचेदात
चार वर्षांच्या मुलाला? अजिबात नाही. बाबा, हे करू नका. प्रत्येक शीनंतर ओआरएस द्या, घोट घोट. नेफ्रोटिक मुलांत शरीरातलं पाणी कमी झालं की रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून 'थांबेल हळूहळू' हे आपल्याला लागू नाही. प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद करू नका. अंगाची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची सवय दोन वर्षांत मोडलेली असते. डोस उलटीत पडला तर लगेच किडनीच्या डॉक्टरांना फोन. आणि सकाळची लघवीतल्या प्रोटीनची पट्टी काय दाखवतेय?

कातरवेळ
पट्टी चार दिवस बघितली नव्हती, सगळं लक्ष पोटाकडे. आत्ता बघितली. पिवळी राहायला हवी ती गडद हिरवी झालीय. ३ प्लस. पापण्याही सुजल्यासारख्या वाटतायत. मला वाटलं रडून सुजल्या.

दुधाचेदात
उठा आणि निघा. पट्ट्यांची वही बरोबर घ्या, चालू औषधांची सगळी पाकिटं घ्या. इथे नंतर लिहा.

अण्णा७२
देव करो नि सगळं नीट होवो. (दात खाण्याचं मात्र बघा.)

कातरवेळ
तीन दिवसांनी लिहितोय. ॲडमिट केलं होतं, सलाईन लावलं. किडनीच्या डॉक्टरांनी वजनाचा आकडा बघितला आणि स्पेशल स्टेन स्वतः लिहून दिला. काचपट्टी, क्रिप्टोस्पोरिडियमच निघाला. नायटॅझॉक्सानाइड सुरू केलंय. प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलात त्याचा गुण कमी येतो, तीन दिवसांचा कोर्स पुरेलच असं नाही, असं म्हणाल्या. स्टेरॉइडचा हिशेब त्या नव्याने बसवतायत. मी विचारलं, आधी का नाही सुचलं कुणाला? तर त्यांनी उलट मला विचारलं, पोटाच्या डॉक्टरांना प्रेडनिसोलोनचं पाकीट दाखवलं होतंत का? गप्प बसलो. काल शी चारदाच झाली. आज सकाळी स्वतःहून खायला मागितलं.

पानगळ
वाचून बरं वाटलं. जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पोहायच्या तलावात सोडू नका, त्याच्यापासून इतरांना होतो.

काचपट्टी
शी साफ करताना हातमोजे, नंतर साबणाने हात. घरात आणखी कुणाला त्रास आहे का?

कातरवेळ
तसा नाही. धाकटीची शी कालपासून जरा पातळ आहे, पण ती दातांमुळे असेल.

दुधाचेदात
धाकटी?? किती महिन्यांची? अंगावर पिते का? लंगोट कोण बदलतं, आणि तिच्या बाटल्या कुठलं पाणी वापरून धुता?