रि: शनिवारचा स्की डे – गॅरेजमधल्या स्की मुलांना द्यायच्या का?

प्रेषक: ताई (क्रीडा समिती)

मंडळी,
टेक्सासला गेलेल्यांनी मंडळाला देऊन ठेवलेल्या स्की नानांच्या गॅरेजमधून काढल्या. त्यातल्या बऱ्या दिसणाऱ्या चार जोड्या घेऊन काल दुकानात गेले. दुकानदाराने बाइंडिंगवरचं (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड) मॉडेल वाचलं, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि स्की जशाच्या तशा परत दिल्या. म्हणाला, कंपनीच्या यादीतून ही मॉडेल्स केव्हाच निघाली, आता आम्ही यांना हात लावू शकत नाही. बूट तर बघूनच नको म्हणाला.

बक हिलला (मिनेसोटातल्या बर्न्सव्हिलची स्की टेकडी) भाड्याच्या सामानाची यादी गुरुवारी रात्रीपर्यंत पाठवायची आहे. मागच्या बैठकीत "सामान आहेच आपल्याकडे" असं धरून आपण फक्त तिकीट आणि लेसनचे पैसे घेतलेत. काय ते आजच ठरवा. फोन नको, इथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

---

प्रेषक: नाना

ताई, दुकानदार दुसरं काय म्हणणार, त्याला नव्या विकायच्या असतात. या स्की ज्यांच्या होत्या ते किती निगुतीने ठेवायचे हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. दर वर्षी वॅक्स, एकीच्याही कडेला गंज नाही. बाइंडिंगला पुढे-मागे एकेक स्क्रू असतो, खिडकीत आकडा दिसतो. मुलांसाठी तो खाली आणायचा, बूट बसतो का बघायचं, झालं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी मुलांना घेऊन माझ्याकडे या, मी लावून देतो.

आणि टेकडी ती केवढी? तीनशे फूट. त्यातून मुलं जाणार बनी हिलवर, म्हणजे शिकाऊंच्या छोट्या उतारावर. त्यासाठी प्रत्येकाचं भाडं भरणं मला पटत नाही. लोकांच्या वर्गणीचा पैसा आहे.

---

प्रेषक: दादा (वुडबरी)

नाना, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, शुक्रवारी कुणीही मुलांना स्की लावून घ्यायला जाऊ नये. मी शनिवार-रविवार स्की पेट्रोलमध्ये (उतारावर जखमींना मदत करणारं पथक) असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेग कमी म्हणजे धोका कमी, असं बाइंडिंगच्या बाबतीत नसतं. शिकाऊ मूल कसं पडतं ते बघा. ते जवळजवळ थांबलेलं असतं, एक स्की बर्फात अडकते, आणि अंग हळूहळू फिरत खाली बसतं. त्या सावकाश बसणाऱ्या पिळात बाइंडिंगने बूट सोडला नाही, तर सगळा पीळ नडगीच्या हाडावर येतो. पायाला बांधलेली लांब स्की तेव्हा तरफेचं काम करते. मोठ्या माणसाच्या वजनाला लावलेलं जुनं बाइंडिंग २५ किलोच्या मुलाच्या पायाखाली सुटतच नाही.

खिडकीतला आकडा स्प्रिंगवर किती ताण दिलाय तेवढंच दाखवतो. ती स्प्रिंग आज त्या ताणाला खरोखर सुटते का, हे त्यावरून कळत नाही. आत ग्रीस वाळलेलं असतं, प्लॅस्टिक झिजलेलं असतं. दुकानात बूट यंत्रावर पिळून किती जोराला सुटतो ते मोजता येतं. तो आकडाही अंदाजाने लावायचा नसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस कसा स्की करतो, एवढं सगळं तक्त्यात बघून काढतात. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि पन्नाशी गाठलेल्यांना आणखी एक पायरी कमी.

यादीचंही सांगतो. कंपनी ठरावीक वर्षांनंतर जुन्या मॉडेलची जबाबदारी सोडते. मग ते बाइंडिंग दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या पाठीशी कुणी उरत नाही. दुकानच ती जबाबदारी घेत नसेल तर आपल्या मंडळाने कशाच्या जोरावर घ्यायची?

बूट तर सरळ टाकून द्या. त्यांचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतं. नुसतं कपाटात ठेवलं तरी. बाहेरून चकचकीत असतो आणि थंडीत बकल आवळलं की घोट्यापाशी तडकतो. असा एक बूट मी पेट्रोल रूममध्ये हातात घेतलाय. टाचेचा तुकडा बाइंडिंगमध्ये तसाच अडकलेला, आणि बाई उताराच्या बऱ्याच खाली. नशिबाने मनगटावरच निभावलं.

भाड्याचं सामान घ्या. पैसे कमी पडत असतील तर माझ्याकडून पन्नास डॉलर धरा.

---

प्रेषक: भाऊ (बर्न्सव्हिल)

बाइंडिंगचं दादा म्हणतो ते खरं. मी फक्त "टेकडी ती केवढी" यावर लिहितोय, कारण बर्न्सव्हिलच्या माणसाला ते वाचवत नाही.

स्की शर्यतपटू लिंडसी व्हॉन याच टेकडीवर शिकली. २०१० ला व्हँकूव्हर ऑलिम्पिकमध्ये डाउनहिल शर्यतीचं सुवर्ण. शर्यतपटू क्रिस्टिना कॉझनिक इथली, पॉला मोल्ट्झन इथली. एरिक सेलर हा ऑस्ट्रियन कोच अनेक दशकं इथे मुलं घडवत राहिला, ते टेकडी लहान आहे म्हणूनच. रोप टो (वर ओढून नेणारी फिरती दोरी) धरला की मूल झटक्यात वर पोचतं. एका संध्याकाळी गेटमधून (शर्यतीसाठी उतारावर रोवलेल्या काठ्या) जेवढ्या फेऱ्या होतात तेवढ्या मोठ्या डोंगरावर, लिफ्टच्या रांगेत उभं राहून, दिवसभरात होत नाहीत. शिवाय दिवे असतात. माझी मुलगी शाळेचा अभ्यास आटपून सात वाजता जाते आणि साडेनऊला घरी. कोलोरॅडोला वर्षातून एकदा जाऊन हे होणार आहे का?

ज्यांना स्वतःच्या स्की घ्यायच्यात त्यांनीही हे ध्यानात ठेवा. आपल्याकडचा बर्फ बहुतेक मशीनने मारलेला, रात्री गोठून टणक होतो. त्यावर कड धारदार लागते. सेलमध्ये स्वस्त मिळाल्या म्हणून कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागात, १०० मिलिमीटर रुंद असलेल्या स्की आणू नका. त्या ताज्या, खोल बर्फासाठी असतात. इथे ७० ते ८० पुरे, आणि वाचलेल्या पैशातून सीझनमध्ये दोन-तीनदा धार लावून घ्या.

रोप टोसाठी हातमोजे चामड्याचे हवेत. नायलॉनच्या मोज्याचा तळवा दोरी घासून जाळते. दोरी एकदम घट्ट पकडायची नाही, आधी हातातून सरकू द्यायची, मग हळूहळू मूठ आवळायची. मफलर, लोंबणाऱ्या नाड्या, मोकळी वेणी, सगळं जॅकेटच्या आत.

---

प्रेषक: बालविभाग

स्की डेला जाणारी मुलं बालविभागाची आहेत, तरी हा धागा आमच्यापर्यंत आज पोचला. पुढच्या वेळी सामानाचं ठरवताना आम्हालाही विचारावं ही विनंती. शनिवारी चार वाजता संक्रांतीच्या नाटुकल्याची तालीम आहे, तारीख नोव्हेंबरपासून कॅलेंडरवर आहे. मुलं तीनपर्यंत परत हवीत.

दुसरं. ताईंनी काल फिरवलेल्या शीटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे वजनाचा रकाना आहे आणि शीट सगळ्या यादीला उघडी आहे. दोन वहिनींनी मला वेगळा मेल करून नावं मागे घेतली. मोठ्या मुलींच्या आयाही नाराज आहेत. हे असं चालणार नाही.

---

प्रेषक: ताई (क्रीडा समिती)

शीट बंद केली आहे. वजन, उंची, वय प्रत्येकाने आता बक हिलच्या फॉर्मवरच भरायचं. मंडळाकडे फक्त नाव आणि बुटाचा नंबर. त्या दोन वहिनींना कृपया परत बोलवा, जागा ठेवल्या आहेत.

तालमीची तारीख मला माहीत आहे. लेसन साडेदहाला आहे, तीनपर्यंत आरामात होईल.

---

प्रेषक: दादा (वुडबरी)

फॉर्मवर वजन खरंच लिहा, हात जोडून सांगतो. लोक स्वतःचं कमी लिहितात. कमी लिहिलं की बाइंडिंग ढिलं लागतं आणि नको तेव्हा सुटतं. मुलांच्या बाबतीत उलट होतं. "आमचा गेल्या वर्षी ब्लू रनवरून (मध्यम अवघड उतार) आलाय" म्हणून स्की करण्याच्या पद्धतीच्या रकान्यात वरचा प्रकार लिहितात, मग बाइंडिंग घट्ट लागतं. शिकाऊ मुलासाठी पहिला प्रकार. त्यात मुलाचा काही अपमान नाही.

---

प्रेषक: अण्णा (मेपल ग्रोव्ह)

हा वाद दर जानेवारीत होतो आणि दर जानेवारीत मी तेच सांगतो. क्रॉस-कंट्री करा, म्हणजे स्कीवरून चालत-सरकत लांब जाणं! बूट मऊ, टाच मोकळी, हेल्मेटची सक्ती नाही, लिफ्टची रांग नाही, सामान निम्म्या पैशात. एल्म क्रीकला कृत्रिम बर्फाचा ट्रॅक आहे, त्यामुळे आकाशातून पडला नाही तरी अडत नाही. अफ्टनच्या जेसी डिगिन्सने २०१८ मध्ये किकन रँडलबरोबर अमेरिकेला क्रॉस-कंट्रीचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. २०२४ च्या फेब्रुवारीत मिनीआपोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये क्रॉस-कंट्रीचा वर्ल्ड कप झाला तेव्हा आपल्यापैकी किती जण होते? मी होतो. कुंपणाला एवढी माणसं होती की पलीकडचं दिसत नव्हतं. सह्याद्रीत गड चढलेल्या माणसाला हाच खेळ मानवेल. उतारावर नुसतं घसरण्यात दम कुठे लागतो?

---

प्रेषक: भाऊ (बर्न्सव्हिल)

अण्णा, गेटमधून एक रन करून दाखवा, मग दमाचं बोलू. तुमचा क्रॉस-कंट्रीचा दिवस फेब्रुवारीत ठेवा, मी मुलीला घेऊन येतो. पण या शनिवारच्या धाग्यात नको.

---

प्रेषक: वहिनी (प्लिमथ)

थंडीसाठी मुलांना दोन मोजे घालायचे की तीन? शनिवारी सकाळी शून्याच्या खाली दाखवतायत, फॅरनहाइट. आणि बूट एक नंबर मोठा मागावा का? मागच्या वर्षी धाकट्याचे पाय गारठले आणि तो तासाभरात शॅलेमध्ये (टेकडीखालची ऊब घ्यायची इमारत) जाऊन बसला, पुन्हा बाहेर आलाच नाही.

---

प्रेषक: दादा (वुडबरी)

वहिनी, एकच मोजा. लोकरीचा किंवा सिंथेटिक, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा. सुती बिलकूल नको, घामाने ओला झाला की पाय गार पडतो. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त खेळत नाही आणि उलट जास्त गारठतो. धाकट्याचं तेच झालं असावं.

मोठा बूट मागू नका. बूट मोठा झाला की टाच आत वर-खाली होते, स्की ऐकत नाही, आणि मूल बोटं आखडून पाय धरून ठेवायला बघतं. बुटाचं माप असं बघा: आतलं मऊ अस्तर बाहेर काढायचं, रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची, आणि टाचेमागे किती जागा उरते ते बोटांनी चाचपायचं. दोन बोटं मावली तर ठीक, तीन मावली तर बूट परत. अस्तर घालून उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात, आणि गुडघे वाकवले की मागे सरकतात. तसंच हवं. "आई, टोचतंय" म्हणाला तर आधी थर्मल पँटची कड बुटात गेलीय का ते बघा. बुटात फक्त मोजा, पँटची कड बुटाच्या वर.

पुढेमागे विकत घ्यायचं झालं तर मोठ्यांनी आधी बूट घ्या, बूट फिटरकडे बसून, आणि स्की भाड्याने चालू ठेवा. मुलांसाठी सीझन लीज. ऑक्टोबरमध्ये न्यायचं, एप्रिलमध्ये परत. पाय तेवढ्यात वाढलेलाच असतो.

---

प्रेषक: नाना

दादाने एवढं लिहिलं आहे तर मुलांपुरतं भाड्याचं सामान घ्या, माझी हरकत नाही. दुकानदारांबद्दलचं मत मी बदललेलं नाही. पण लोकांनी प्रेमाने दिलेल्या वस्तू कचऱ्यात टाकणंही मला पटत नाही. पोल आणि हेल्मेट तरी वापरा. स्कींचं मी बघतो, बाइंडिंग काढून लाकडावर ठोकून पाठीचा बाक करता येतो. पिकनिकला उपयोगी पडेल.

---

प्रेषक: दादा (वुडबरी)

बाकाची कल्पना फार छान, नाना. ड्रिल घेऊन मी येतो. पोल सरळ असतील तर मोठ्यांना द्या, शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी पोल लागत नाहीत. हेल्मेट मात्र नको. ते कधी आपटलंय का हे बाहेरून कळत नाही, आणि एकदा मार खाल्लेला आतला फोम दुसऱ्यांदा वाचवत नाही.

---

प्रेषक: खजिनदार

भाड्याचं: निम्मे मंडळ देईल, निम्मे पालकांनी द्यायचे. हेल्मेटही त्यात धरलंय. दादा, तुमचे पन्नास डॉलर मिळाले, पावती पाठवली. ज्यांच्याकडे स्वतःचं चालू सामान आहे त्यांनी गुरुवारी दुपारपर्यंत कळवा, म्हणजे त्यांचे पैसे धरणार नाही. अण्णा, फेब्रुवारीच्या दिवसाचा खर्च लिहून पाठवा, बैठकीत घेऊ.

---

प्रेषक: वहिनी (प्लिमथ)

बुटाचा नंबर अमेरिकन लिहायचा ना? थोरल्याचे बूट भारतातून आणलेत, त्यावर वेगळाच आहे.

---

प्रेषक: ताई (क्रीडा समिती)

कुठलाच नाही, सेंटिमीटर लिहा. स्की बुटाचं माप पायाच्या लांबीवरच असतं. कागदावर, भिंतीला टाच लावून, वजन पायावर देऊन उभं करा, अंगठ्यापुढे खूण करा आणि मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो लिहा. गुरुवारी रात्री आठनंतर आलेली मापं मला घेता येणार नाहीत.