एकच ट्रान्समीटर, दोन दिशा?

सिग्नल कुठल्या दिशेने येतो ते शोधायला 2.4 गिगाहर्ट्झसाठी प्लायच्या पट्टीवर चार अँटेना ठोकलेत, 12-12 सेंमीवर. ट्रान्समीटर सरळ समोरपासून 30 अंशांवर ठेवलाय. दिशेच्या आलेखात 30 वर शिखर येतं, पण तेवढंच उंच दुसरं शिखर उणे 33 वर! केबली तीनदा बदलून झाल्या.

↳ केबलींना सोडा हो. तरंगलांबी 12.5 सेंमी. 30 अंशांवरून शेजारच्या दोन अँटेनांत 173 अंशांचा फेजफरक (तरंगाच्या चढउतारातलं मागेपुढे) पडतो, उणे 33 वरून उणे 187. मध्ये 360 चा फेरा, म्हणजे अँटेनांना दोन्ही सारखंच. अंतर 6 सेंमी करा.

↳ केलं. भूत गेलं! पण खरं शिखर पसरट झालं.

↳ होणारच, पट्टी 36 वरून 18 सेंमीवर आली ना. अजून तीन अँटेना लावा.

↳ रिसीव्हरला चारच चॅनेल आहेत, म्हणजे चारच अँटेना जोडता येतात. बसलो डोकं धरून.