राजापूरच्या बागेसाठी जुनी फोर बाय फोर: थार घ्यावी की जिप्सी?

कलमवाला:

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमची हापूसची दीडशे कलमे आहेत आणि मी कोल्हापुरात राहतो. महिन्यातून दोन-तीन वेळा मलकापूरमार्गे अणुस्कुरा घाट उतरून बागेत जावे लागते. डांबरी रस्ता संपल्यावर दीड किलोमीटरची कच्ची वाट आहे. तिचा पहिला भाग कातळावरून जातो आणि तेथे कोणतीही गाडी चालते; पुढे मात्र जांभा फोडून काढलेला तीव्र उतार, त्याच्या तळाशी पऱ्या (पावसाळी ओढा) आणि पऱ्यापलीकडे लाल मातीचा वळणाचा चढ आहे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या कशाबशा बाहेर निघतात. परंतु खते पावसाच्या सुरुवातीला द्यायची असतात आणि मोहोरासाठीचे संजीवक कल्टार जुलै-ऑगस्टमध्ये घालायचे असते, त्यामुळे ज्या महिन्यांत वाट बंद त्याच महिन्यांत ओझी न्यावी लागतात. सध्या छोटी गाडी डांबरावर ठेवून पोती डोक्यावरून नेतो.

माझी तयारी सहा लाखांपर्यंतची आहे. २०१४ सालची डिझेल थार आणि २०१२ सालची जिप्सी अशा दोन गाड्या नजरेत आहेत. शिवाय एका ओळखीच्या दलालाने दिल्लीहून आलेली डिझेल गाडी बरीच स्वस्तात मिळेल असे सांगितले आहे. माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे असून तेही सोबत येतात. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाके ओढणारी गाडी मी पूर्वी कधीच वापरलेली नाही, तेव्हा घेताना नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

घाटमाथा:

गाडी निवडण्यापूर्वी आपल्याला चारही चाकांचे बळ खरोखर कुठे लागणार आहे, हे एकदा पायी चालून ठरवावे. मी आजरा भागात दहा वर्षे साधी मागच्या चाकांवर चालणारी बोलेरो वापरली. ती रिकामी असताना ओल्या चढावर जागच्या जागी चाके फिरवायची, कारण मागच्या बाजूला वजनच नसायचे. मागे खताची चार पोती टाकली आणि टायर चांगल्या नक्षीचे असले की तीच गाडी तोच चढ चढायची. पाणंदीतल्या नेहमीच्या चिखलाला एवढे पुरते. तुमच्या वर्णनातला वळणाचा चढ मात्र वेगळा आहे. वळणावर एक मागचे चाक हलके झाले की साधे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा दातेरी भाग) सगळी ताकद त्याच चाकाला देऊन बसते आणि गाडी थांबते. तिथे पुढची चाके ओढायला हवीतच.

या दोन्ही गाड्यांमधली व्यवस्था हवी तेव्हा जोडायची आहे, कायमची नाही. पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) एकमेकांना घट्ट जोडला जातो आणि मध्ये वळताना पडणारा वेगातला फरक सामावून घेणारे काही नसते. म्हणून ती कोरड्या डांबरावर लावून वळू नये. ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद देणारी पेटी), शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि टायर या सर्वांवर ताण येतो. नवशिके लोक घाटात पकड चांगली राहावी म्हणून फोर हाय (चारही चाके, नेहमीचा वेग) लावून बसतात आणि गाडी ठेचतात. तुम्हाला जास्त उपयोग फोर लोचा (चारही चाके, कमी वेग, जास्त जोर) होईल. उतरताना पहिला गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवते, ब्रेकवर पाय ठेवून घसरण्याची वेळ येत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ शेजारी बसलेले असताना मला चढापेक्षा त्या उताराची काळजी अधिक वाटते.

आणि पऱ्याबद्दल एक सांगतो. गढूळ पाणी जोराने वाहत असेल तर कोणतीही गाडी त्यात घालू नये. त्या दिवशी पोती डोक्यावरूनच न्यावीत.

पाटेवाला:

घाटमाथा यांच्याशी मी सहमत आहे, परंतु थार की जिप्सी हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जुन्या फोर बाय फोर गाडीत इंजिनापेक्षा तिच्या खालचा भाग आधी पाहावा, कारण इंजिन बांधून मिळते, सडलेली चासी (गाडीचा खालचा सांगाडा) बांधून मिळत नाही. गाडी आधी कुठे राहिली हे कागदावरच्या सालापेक्षा महत्त्वाचे आहे. किनाऱ्यावरच्या गावात राहिलेली, पर्यटकांना पुळणीवर फिरवलेली, खाऱ्या पाण्यातून नेलेली गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी घेऊ नये. तुम्हाला कोकणात वापरायची आहे, तर ती सोलापूर, नगर, सांगलीच्या पूर्व भागासारख्या कोरड्या मुलखातून आणावी. पुढचा गंज तिला तुमच्याकडे येऊनच लागू द्या.

खाली झोपून चासीच्या दोन्ही पट्ट्या हाताने चाचपाव्यात. नुकताच काळा रंग किंवा डांबरासारखा लेप दिसला तर तो कशासाठी दिला असेल, याचा विचार करावा. जाड स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहिले की भरीव लोखंडाचा आणि पोपडे आलेल्या पत्र्याचा आवाज वेगळा येतो. पाट्यांचे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर जिथे चासीला जोडलेले असतात तिथे वेल्डिंगचे नवे टाके आहेत का, हेही पाहावे. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत, तर २०१० साली आलेल्या डिझेल थारला पुढे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणारा दांडा) आणि मागे पाटे आहेत. त्यामुळे थारमध्ये पुढच्या चाकांचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि बुश, वाजतात का, याकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

फोर बाय फोर चालू आहे की नुसती तिची काडी (लिव्हर) हलते, हे गाडी न चालवताही कळते. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे एक चाक जॅकवर उचलावे. टू हायमध्ये (फक्त मागची चाके जोडलेली असताना) ते हाताने फिरले पाहिजे. नंतर इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये घालावी आणि फोर हाय लावून पाहावे. आता ते चाक फिरता कामा नये. काडी कधी कधी लगेच बसत नाही, गाडी हातभर पुढेमागे ढकलावी लागते. जिप्सीच्या पुढच्या हबांना (चाकांच्या मध्यभागांना) चाक शाफ्टशी जोडणारे लॉक असतात, ते आधी लावावेत, नाहीतर चांगल्या गाडीलाही नापास कराल. ही चाचणी दोन्ही बाजूंनी करावी.

यानंतर दोन्ही हाऊसिंगची (पुढच्या-मागच्या डिफरन्शियलच्या कवचांची) बाजूची बूचे उघडून बोट बुडवावे. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि बोटावर चमकणारे कण आले तर क्राउन-पिनियनने (डिफरन्शियलमधल्या दातेरी चाकांनी) मान टाकायला सुरुवात केली आहे. पऱ्यातून जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे दर पावसाळ्यानंतर पाहण्याची सवयच लावून घ्यावी. तापलेले हाऊसिंग गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची (हवा ये-जा करण्याची) नळी तुटलेली असेल तर पाणी आत ओढले जाते. नळी लांब करून वर बांधून घेणे हा थोड्या पैशांचा इलाज आहे.

पाचही टायर एकाच मापाचे आहेत ना, हेही पाहावे. फार मोठे टायर आणि उचललेली गाडी दिसली तर मी परत फिरतो. अशा गाडीचा क्लच आणि क्राउन आधीच दमलेला असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. थारचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन १०५ अश्वशक्तीचे आहे आणि त्याचा २४७ न्यूटन-मीटरचा जोर दोन हजार फेऱ्यांच्या आतच मिळतो, त्यामुळे भरलेली गाडी चढावर हळू चालवता येते. जिप्सीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाला जोर यायला फेऱ्या वाढवाव्या लागतात. पण ती जेमतेम एक टनाची आहे, चिखलात कमी रुतते आणि रुतली तरी दोन माणसे व एक दोर पुरतो. बसण्याच्या सुखाची अपेक्षा दोन्हींकडून करू नये. मागे दोन्हीत समोरासमोर बाक आहेत, वडिलांना पुढेच बसवावे.

सातबारा:

गाडीच्या तब्येतीबद्दल वर उत्तम माहिती आली आहे, म्हणून मी कागदांपुरते लिहितो. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिथल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्त मिळतात, हे खरे आहे. परंतु त्या किमतीत तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातला एकरकमी कर आणि नवीन नोंदणी यांचा खर्चही धरावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून पंधरा वर्षेच चालते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि तेव्हा पर्यावरण कर येतो. अकरा वर्षांची गाडी आणली तर चार वर्षांतच हे सोपस्कार आले. तुमच्या २०१२ सालच्या जिप्सीलाही हाच हिशेब लागू आहे, तिची मुदत २०२७ मध्ये संपेल.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या समक्ष घ्याव्यात आणि चासी क्रमांक स्वतः आरसीशी ताडून पाहावा. थार पाहणार असाल तर नावावर जाऊ नका. आधीच्या पिढीतील डीआय इंजिनाची थार केवळ मागच्या चाकांवर चालणारीही मिळत असे आणि नव्या पिढीतही २०२३ च्या जानेवारीपासून तशी गाडी निघाली आहे. विकणारा फोनवर थार म्हणाला म्हणजे ती फोर बाय फोर आहे, असे होत नाही. मूळ रचनेत केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येतात आणि पुनर्नोंदणीच्या वेळी तेच नेमके अडतात, हेही लक्षात ठेवावे.

कलमवाला:

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी दोन्ही गाड्या पाहून आलो. थार एका किनाऱ्यावरच्या गावातली निघाली आणि चासीला ताजा काळा लेप होता. स्क्रूड्रायव्हरने ठोकल्यावर मागच्या हँगरजवळ पोपडा सुटून हातात आला. चाक उचलून केलेल्या चाचणीत ती पास झाली, परंतु मागच्या हाऊसिंगमधले तेल पाटेवाला यांनी लिहिले तसे अगदी चहासारखे होते. विक्रेत्याने तिथल्या तिथे चाळीस हजार कमी केले, त्यावरून मला जे समजायचे ते समजले.

जिप्सी सांगोल्याच्या एका डाळिंब बागायतदाराकडे आहे. खालचा पत्रा कोरडा आणि कागद स्वच्छ आहेत. फक्त डाव्या बाजूचा हब लॉक होत नाही आणि छताचे कापड बदलावे लागेल. वडिलांचा आक्षेप पेट्रोलवर आहे. मी हिशेब मांडला: जाऊन-येऊन साधारण अडीचशे किलोमीटर, महिन्यात तीन खेपा म्हणजे साडेसातशे. जिप्सी लिटरला दहा धरली तर पंचाहत्तर लिटर, थार बारा धरली तर साडेबासष्ट. म्हणजे फरक महिन्याला साडेबारा लिटरचा. दिल्लीच्या गाडीचा विचार मी सोडून दिला आहे. हबासाठी किंमत किती पाडून मागावी?

घाटमाथा:

तुमच्या हिशेबात एक पर्याय राहून गेला. छोटी गाडी विकू नका. तिने डांबरापर्यंत जा आणि जिप्सी गावातच आडोशाला ठेवा. मग पेट्रोल त्या दीड किलोमीटरपुरतेच जळेल आणि वडिलांना घाटात पाट्यांचे हादरेही बसणार नाहीत. फक्त आठवड्यातून एकदा कुणीतरी ती सुरू करून फिरवली पाहिजे, नाहीतर बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी खातात.

पाटेवाला:

एक हब लॉक होत नसेल तर त्या बाजूचे चाक ओढत नाही आणि साध्या डिफरन्शियलमुळे दुसरेही ओढू शकत नाही, म्हणजे आज ती गाडी मागच्या दोन चाकांचीच आहे. भाव त्याच हिशेबाने करावा. हब जोडीनेच बदलावेत, म्हणून दोन हबांची आणि मजुरीची रक्कम गॅरेजमध्ये विचारून ती पूर्ण वजा करून मागावी. छताच्या कापडावर घासाघीस करू नये. काम झाल्यावर मृगाआधी एकदा रिकामी गाडी फोर लोमध्ये त्या चढावर दोन-तीन वेळा वर-खाली करून पाहा, आणि आठवड्याला गाडी फिरवायला बागेतला गडीच असेल तर त्याला त्या दिवशी शेजारी बसवून नंतर चाक त्याच्या हाती द्या.