मदत हवी आहे: डेशूट्स नदीसाठी स्टोनफ्लाय निम्फचा सोपा पॅटर्न

नमस्कार मंडळी, ओरेगनकडे राहणारे आणि स्वतः फ्लाय (हूकवर बांधलेला नकली किडा, मासे पकडायला) बांधणारे कोणी इथे असतील तर प्लीज सांगा. मी पोर्टलंडजवळ राहतो, जमेल तसं मॉपिन गावाला लोअर डेशूट्सवर रेडसाइड ट्राउट माशांसाठी जातो आणि मे-जूनमधे सॅमनफ्लाय (स्टोनफ्लाय किड्याची मोठी जात) पाण्यातून निघायच्या आधी निम्फचा (तिच्या पाण्यातल्या पिल्लाच्या नकलांचा) डबा घरीच बांधून भरायचाय. विकत घ्यायला हरकत नाही, पण निम्फ तळाला घासत न्यायचा म्हणजे दगडात अडकून तुटणारच, आणि एक बांधायला पाऊण तास गेला असेल तर तो धारेत टाकवत नाही.

काठाजवळचा दगड उचलून खरा किडा नीट बघितलाय. काळपट तपकिरी, जाडसर, दोन शेपट्या, पाठीवर पंखांच्या कळ्या आणि पोटाखाली पायांच्या बुडाशी पांढुरके कल्ल्यांचे झुपके. सॅमनफ्लायचा निम्फ तीन-चार वर्षं पाण्यात काढतो, म्हणजे ट्राउटला तो बारा महिने ओळखीचा, आणि त्याला धड पोहता येत नाही, दगडावरून सुटला की नुसता वाहत जातो. म्हणूनच मला वाटतं की आकार, वजन आणि हलणारे पाय एवढं जमलं तरी पुरे, बाकीची नक्षी आपल्याच डोळ्यांसाठी. कॉफमन स्टोन हा पॅटर्न दिसतो फार देखणा, पण त्याचे बायॉट्स (पिसाचे ताठ तंतू), डबिंग (दोऱ्यावर पिळलेले केसाळ तंतू), एकावर एक विंग केस (पंखांच्या कळ्या), एवढं सगळं रोजच्या वापराला कशाला?

त्यामुळे पॅट्स रबर लेग्स या पॅटर्नवर आलोय. लांब दांड्याचा हूक, वजनाची वायर, शेनील (मऊ केसाळ दोरी) आणि रबरचे पाय, संपलं. पण पाय सरळ बाहेर येत नाहीत, शेनील गुंडाळताना मागे वळतात, आणि वायर दांड्यावर गोल फिरत राहते. ६ नंबरच्या हूकला ०.०२० इंचाची वायर घ्यावी की ०.०२५ ची? बीड (धातूचा मणी) लावायचा का? आणि कॉफी-काळा घ्यावा की नुसता काळा?

प्रतिसाद:
मी बेंड शहरात असतो, हाच पॅटर्न सगळ्यात जास्त वापरतो, तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. ६ ला ०.०२५, ८ ला ०.०२०, वायर लेड-फ्री घ्या. आधी दांड्यावर दोऱ्याचा थर द्या, त्यावर वायरचे वेढे, मग पुढे-मागे दोऱ्याचा उतार करून सुपरग्लूचा एक थेंब, मग फिरत नाही. हूकच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या भोकामागे) मात्र जागा मोकळी सोडा, मिशा आणि डोकं तिथेच मावायचंय.

पायांचं म्हणाल तर शेपटी आणि शेनीलचं टोक बांधून झालं की तिन्ही जोड्या शेनील गुंडाळायच्या आधीच आठाच्या आकड्यासारखे वेढे देऊन बसवा, आणि शेनील नेताना एकेक जोडी बोटाने मागे धरून तिच्या पुढून वेढा घ्या. पाय लांबच ठेवा, कापाकापी शेवटी. आखूड पाय ताठ राहतात, पाण्यात हलत नाहीत.

बीड मी लावत नाही, वायरचं वजन पुरतं. रंग कॉफी-काळाच, आणि थोडे ८-१० मधे पिवळसर तपकिरी बांधा, ते गोल्डन स्टोनला (दुसऱ्या जातीच्या स्टोनफ्लायला) चालतात. मागे हातभर टिपेटवर (बारीक दोरीवर) फेझंट टेल हा छोटा निम्फ लावून बघा.

आणि बांधण्याइतकंच महत्त्वाचं, बाहेर पडायच्या दिवसांत हे निम्फ रांगत काठाकडे येतात, म्हणून थेट मांडीभर पाण्यात उतरू नका, आधी काठालगतच्या गुडघाभर पाण्यात नीट फ्लाय फिरवून बघा, मोठे मासे तिथेच येऊन बसलेले असतात. लोअर डेशूट्सवर बोटीतून मासेमारी चालत नाही, उतरूनच करायची, आणि हूकची बार्ब (टोकाचा उलटा काटा) पक्कडीने दाबून टाका.

धागाकर्ता:
खूप आभार दादा, शेनीलच्या आधी पाय बसवायचं डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच ६ चे हूक काढतो. गोल्डन स्टोनला पाय त्याच रंगाचे घ्यायचे की गडद?