जेवताना जवळ गेल्यास कुत्रा गुरगुरतो: हे वर्तन कसे समजून घ्यावे?

प्रश्न : कसबा बावडा

नमस्कार. आमच्या घरी खंड्या नावाचा गावठी नर कुत्रा आहे. जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरीपर्यंत आले होते. ते ओसरल्यानंतर कुंभार गल्लीच्या बाजूला यजमानांना हे पिल्लू भुकेलेले आणि भिजलेले सापडले, आणि तेव्हापासून ते आमच्याकडेच वाढले. स्वभावाने खंड्या मायाळू आहे, घरातल्या सर्वांच्या मागे-पुढे असतो आणि आमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या पायाशी झोपतो.

अडचण खाण्याच्या बाबतीत येते. रविवारी मटणातले नळीचे हाड दिले की तो ते घेऊन जिन्याखाली जातो आणि त्या वाटेने कोणीही गेले तरी गुरगुरतो. रोजच्या जेवणाच्या वेळी पूर्वी असे होत नसे. अलीकडे मात्र ताटलीजवळ कोणी थांबले की तो मान खाली घालून घाईघाईने खाऊ लागतो. यजमानांची कोल्हापुरी चप्पल पळवली तर तीसुद्धा परत देत नाही. गेल्या रविवारी मुलगा चेंडू आणण्यासाठी जिन्याजवळ गेला, तेव्हा खंड्याने ओठ वर करून दात दाखवले. तो चावला नाही, पण माझ्या मनात भीती बसली आहे.

आमच्या मामंजींचे म्हणणे असे की, गुरगुरला की तिथल्या तिथे एक फटका द्यावा, नाहीतर तो डोक्यावर चढेल. शेजारचे काका सांगतात की त्याच्या समोरची ताटली रोज मध्येच उचलून घ्यावी, म्हणजे मालक कोण हे त्याला कळेल. पुराच्या दिवसांत झालेल्या उपासमारीमुळे तो असे करतो का, हे गुरगुरणे मोडून काढावे का, आणि लहान मूल असलेल्या घरात त्याला ठेवणे योग्य आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : रंकाळाकाठ

ताई, आधी मुलाच्या सुरक्षिततेविषयी लिहितो, कारण ती बाब उद्यावर टाकता येणार नाही. आजपासून खंड्याचे जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून द्यावे, तो खाऊन बाहेर आल्यानंतरच ताटली उचलावी आणि हाड देणे पूर्णपणे थांबवावे. 'तो खात असताना जवळ जाऊ नकोस' एवढे पाच वर्षांच्या मुलाला सांगून ठेवणे पुरेसे नसते, कारण चेंडूमागे धावताना ते त्याच्या लक्षात राहणार नाही. म्हणून मध्ये दारच हवे. घरातला, ओळखीचा कुत्रा मुलांना चावतो तो बहुधा अशाच वेळी: कुत्रा खात असतो, झोपलेला असतो किंवा एखादी वस्तू जपून बसलेला असतो, आणि मूल निष्पापपणे त्याच्याजवळ जाते.

आता गुरगुरण्याविषयी. आपल्याकडची वस्तू कोणी नेईल असे वाटले की कुत्रा एकदम चावत नाही. त्याआधी तो अनेक गोष्टींनी आपल्याला कळवत असतो. प्रथम तो चघळता चघळता क्षणभर थिजतो, शरीर ताठ करतो आणि डोके ताटलीवर आणखी खाली नेतो. काही कुत्रे याच टप्प्यावर अधिक वेगाने खाऊ लागतात, म्हणजे तुम्ही लिहिलेली घाई हीच मुळात पहिली खूण आहे. त्यानंतर तोंड न हलवता तिरक्या नजरेने पाहणे, ज्यात डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, मग ओठ वर करणे, मग गुरगुरणे, मग हवेत दात वाजवणे आणि या सर्वांनंतर चावणे. या वेळी शेपूट हलत असेल तरी तिच्यावर विसंबू नये. ताठ शरीर आणि ताठ शेपटीची हालचाल हे स्नेहाचे लक्षण नव्हे.

मामंजींनी सुचवल्याप्रमाणे फटका दिला तर गुरगुरणे बहुधा थांबेल, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. वस्तू जाण्याची त्याची धास्ती फटक्याने कमी होणार नाही, उलट माणूस जवळ आला की वस्तूही जाते आणि मारही बसतो असे त्याचे मत पक्के होईल. पुढच्या वेळी तो गुरगुरणार नाही, पण कदाचित थेट चावेल. तुमच्या मुलाला खंड्याने दात दाखवून वेळीच सावध केले आणि तो चावला नाही, याचा अर्थ त्याचे भान अजून शाबूत आहे. ते टिकवायला हवे.

उपासमारीविषयी विचारले आहे. लहानपणच्या भुकेचा काही परिणाम असू शकतो, परंतु कधीही उपाशी न राहिलेले, उत्तम पाळलेले कुत्रेसुद्धा असे वागतात. आपल्या तोंडातले अन्न राखणे हे कुत्र्याच्या जातीचेच वर्तन आहे, त्यामुळे कारण शोधण्यात फार वेळ घालवू नये.

उपाय असा करावा की माणूस जवळ येण्याचा अर्थच खंड्याच्या दृष्टीने बदलेल. साधे, नेहमीचे अन्न तो खात असताना, ज्या अंतरावर तो अजिबात ताठरत नाही तेवढ्या अंतरावरून मोठ्या माणसाने चालत जावे, जाता जाता उकडलेल्या, बिनहाडाच्या, बिनमिठाच्या कोंबडीचा लहानसा तुकडा ताटलीकडे टाकावा आणि न थांबता पुढे निघून जावे. ताटलीला हात लावू नये, वाकू नये, टक लावून पाहू नये. हे रोज, थोडेच, पण नेमाने करावे. काही दिवसांनी तुमची चाहूल लागताच तो खाणे थांबवून, अंग सैल ठेवून, अपेक्षेने तुमच्याकडे पाहू लागेल. ते दिसले की अंतर एका पावलाने कमी करावे. एखाद्या दिवशी तो पुन्हा थिजला किंवा घाईने खाऊ लागला, तर आपण फार लवकर जवळ गेलो असे समजून पुन्हा मागे जावे. तुमच्याबाबतीत त्याची धास्ती गेली म्हणजे मामंजींच्या बाबतीतही गेली असे होत नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने सुरुवात दूरूनच करावी. मुलाला मात्र या सरावात मुळीच घेऊ नये.

चप्पलेचा पाठलाग करू नये. कमावलेल्या कातड्याचा वास, त्यातून नुकतेच तेल पाजलेली चप्पल, ही कुत्र्यासाठी हाडाइतकीच मोलाची वस्तू असते; आपण मागे धावलो की तिचे मोल त्याच्या दृष्टीने आणखी वाढते. सर्व चपला दार असलेल्या कपाटात ठेवाव्यात, आणि तरीही एखादी हाती लागलीच तर दूरच्या खोलीत खाऊ टाकून त्याला तिकडे न्यावे, दार लावावे आणि मग चप्पल उचलावी. निवांत वेळी 'सोड' हा शब्द शिकवावा: त्याला फारशी प्रिय नसलेली दोरी किंवा जुना चेंडू त्याच्या तोंडात असताना नाकाजवळ खाऊ धरावा, वस्तू सुटली की खाऊ द्यावा आणि लगेच ती वस्तूही परत द्यावी. परत देण्याचा हा भाग बहुतेक घरांत राहून जातो, आणि मग 'सोड' म्हणजे वस्तू कायमची गेली असे कुत्रा शिकतो.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. त्यात वैद्यकीय बाजूची भर घालतो.

पूर्वी रोजच्या ताटलीवर न गुरगुरणारा कुत्रा अलीकडे अस्वस्थ झाला आहे, हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. प्रौढ वयात असा बदल दिसला की आधी वेदना आहे का ते तपासावे. दाढ तडकलेली असणे, हिरड्यांना सूज, कानातला संसर्ग, सांधेदुखी यांपैकी काहीही असू शकते. जंत असल्यास किंवा स्टेरॉइडची औषधे चालू असल्यास भूक वाढूनही असे घडते. दुरून मोबाइलवर त्याच्या जेवणाचे चित्रीकरण करून ते डॉक्टरांना दाखवावे, कारण दवाखान्यातल्या टेबलावर कुत्रा घरच्यासारखा वागत नाही.

नळीचे हाड वर्तनाचा प्रश्न नसता तरीही बंद करा, असेच मी सांगितले असते. कुकरमध्ये शिजलेली हाडे ठिसूळ होतात, त्यांच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशात अडकू शकतात किंवा आतडे फाडू शकतात. शिवाय आपल्या कोल्हापूरच्या मटणात कांदा-लसूण मसाला असतोच. कांदा आणि लसूण, मग ते कच्चे असोत, शिजवलेले असोत किंवा वाळवून कुटलेले असोत, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. अशक्तपणा, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे रविवारच्या रश्श्याशी त्यांचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही. 'आम्ही फक्त अळणी (तिखट-मसाला घालण्याआधीचे शिजलेले मटण) देतो' असे अनेक जण सांगतात, परंतु मटण शिजवताना आले-लसणाचे वाटण आणि मीठ बहुधा आधीच घातलेले असते. कुत्र्यासाठी मांस हवे असेल तर ते वेगळ्या भांड्यात, नुसत्या पाण्यात शिजवावे.

रेबीजची लस वेळापत्रकानुसार चालू आहे ना, याची खात्री करावी. तरीही कधी दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. हळद, चुना, तिखट असे काहीही जखमेत भरू नये. हा रोग एकदा लक्षणांपर्यंत पोचला की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून 'घरचाच कुत्रा आहे' या विचाराने थांबू नये.

उत्तर : शेतवस्ती, करवीर

मंडळींच्या अभ्यासाविषयी आदर बाळगून वेगळे मत मांडतो. आमच्या मळ्यात तीन पिढ्या कुत्री पाळली जात आहेत. पिल्लू लहान असल्यापासून वडील त्याच्या ताटलीत हात घालत, ताटली ओढून घेत, आणि मोठेपणी एकही कुत्रा घरच्या माणसावर गुरगुरला नाही. कुत्रा मुळात लांडग्याच्या कुळातला, कळपात राहणारा प्राणी आहे. कळपाचा म्होरक्या कोण हे त्याला ठरवून द्यावेच लागते. तुकडे टाकत बसलो तर 'गुरगुरलो की मांस मिळते' असेच तो शिकणार नाही का?

उत्तर : रंकाळाकाठ

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तुकडा टाकायचा असतो तो कुत्रा गुरगुरण्याच्या आधी, जिथे त्याला धास्तीच वाटत नाही अशा अंतरावरून. तो गुरगुरला, तर ते अंतर चुकले एवढेच समजून शांतपणे मागे व्हायचे आहे. त्यामुळे बक्षीस गुरगुरण्याला मिळत नाही. माणसाच्या येण्याशी चांगली गोष्ट जोडली जाते.

म्होरक्याची कल्पना कोठून आली हे पाहण्यासारखे आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांविषयी लिहिले. ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते आणि त्यांच्यात वर्चस्वासाठी भांडणे होत. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या लेखनामुळे ही कल्पना सर्वदूर पसरली. परंतु त्याच मेक यांनी पुढे कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले की निसर्गातला कळप म्हणजे सहसा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते, आणि त्यांच्यातील नेतृत्व हे लढून मिळवलेले नसते. ज्यांनी ती कल्पना रुजवली त्यांनीच ती दुरुस्त केली, तरी आपण ताटल्या ओढत राहिलो, याचे मला वाईट वाटते.

तुमच्या मळ्यातील कुत्र्यांविषयी मला मुळीच शंका नाही. मात्र वस्तीवरच्या कुत्र्याला अंग काढून घेण्यासाठी मोकळे रान असते, आणि तो हाड घेऊन बांधापलीकडे जातो. खंड्याला जिन्याखालची एकच जागा आहे आणि तिच्याजवळून घरातल्या सर्वांची वाट जाते. पिल्लाच्या ताटलीत हात घालायचाच असेल तर तो काहीतरी चांगले वाढण्यासाठी घालावा. प्रत्येक वेळी काढून घेण्यासाठी घातलेला हात काही पिल्लांना निमूटपणे चालतो आणि काहींना तोच हात राखण करायला शिकवतो.

प्रश्नकर्ती : कसबा बावडा

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी तपासल्यावर उजव्या बाजूची वरची दाढ तडकलेली आढळली आणि त्यावर उपचार झाले. जेवण आता मागच्या खोलीत, दार लावून देतो. मी आणि यजमान जवळून गेलो तर खंड्या मान वर करून पाहतो. मामंजी गेल्यास अजून थिजतो, तेव्हा त्यांनी आता दूरच्या अंतरापासून सुरुवात केली आहे. चप्पल मात्र परवा पुन्हा जिन्याखाली गेली. पुढच्या महिन्यात गावाकडे म्हाई (मटणाच्या जेवणाची गावजत्रा) आहे, घरात पन्नासेक पाहुणे, मुलांची धावपळ आणि दोन वेळचे मटण असेल. खंड्याला सोबत न्यावे का?

उत्तर : रंकाळाकाठ

शक्य असेल तर नेऊ नये. त्याची प्रगती घरातल्या दोन माणसांपुरती आणि एका खोलीपुरती झाली आहे. अनोळखी घर, जमिनीवर पडलेली हाडे आणि त्याच्या खुणा न ओळखणारी मुले हे सर्व एकदम आले तर तो पुन्हा पहिल्या ठिकाणी जाईल, आणि त्यात एखाद्या मुलाला इजा झाली तर त्याला कोणीही घरात ठेवू देणार नाही. त्याला ओळखणारे कोणी बावड्यातच त्याच्याजवळ दोन दिवस राहू शकत असेल तर ते सर्वांत चांगले.

नेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मुलांचा वावर नसलेली, आतून नव्हे तर बाहेरून कडी लावता येणारी खोली आधीच ठरवून घ्यावी, पंगती चालू असताना तो तिथेच असावा, आणि फिरायला नेताना पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात असावा. अंगणातली हाडे उचलली गेल्याची खात्री केल्याशिवाय त्याला बाहेर आणू नये. मामंजींचा सराव तोपर्यंत घाईने पुढे रेटू नका. ते थिजणे गेले की मग अंतर कमी करा, भले त्यासाठी म्हाई उलटून गेली तरी चालेल. आणि जिन्याखालची जागा फळी लावून बंद करता येते का ते पाहा, म्हणजे चप्पल घेऊन बसायला त्याला कोपराच उरणार नाही. त्याऐवजी झोपण्याची जागा वर्दळ नसलेल्या बाजूला, मागच्या खोलीतच द्यावी.