पिचियात कॉपी वाढल्या, लायपेज वाढत नाही

फोंडेकर_यीस्ट: कुंडईच्या छोट्या लॅबमध्ये पिचिया या यीस्टमधून लायपेज (चरबी फोडणारं एन्झाइम) काढायचं काम चालू आहे. एओएक्स१ प्रोमोटर (मिथेनॉल मिळालं की जीन चालू करणारा), अल्फा-फॅक्टर सिग्नल (एन्झाइम पेशीबाहेर पाठवणारा), रोज ०.५ टक्के मिथेनॉल. चढत्या झिओसिनवर (हे अँटिबायोटिक; जीनच्या कॉपी जास्त असलेले त्यात टिकतात) तगलेले क्लोन उचलले, कारण कॉपी जास्त तर एन्झाइम जास्त असं धरलं होतं. पण साध्या क्लोनची अॅक्टिव्हिटी त्यांच्यापेक्षा बरी आहे. जेलवर मुख्य पट्ट्याखाली बारीक पट्टेही दिसतात. झिओसिन आणखी वाढवू, की यूव्ही किरणांनी म्युटेशन करण्याकडे वळू?

जुना_फर्मेंटर, वेर्णा: बाब, झिओसिन राहू दे. प्रथिनाची घडी पेशीतल्या ईआर या कप्प्यात बसते आणि तिथली जागा कॉपीबरोबर वाढत नाही. मानशीचं (बांधातल्या झडपेचं) दार तेवढंच ठेवून खाजनात (खाडीकाठच्या शेतात) पाणी सोडत राहिलात तर बांधच फुटणार. घडी न बसलेलं प्रथिन पेशी आतच मोडते, वर वाढही मंदावते. कमी कॉपींचा क्लोन घेऊन त्यात घडी बसवायला मदत करणारे एचएसी१ किंवा पीडीआय घालून बघा. पीडीआय डायसल्फाइड बंध जुळवतं. तुमच्या लायपेजात ते नसतील तर त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

खालचे पट्टे मला प्रोटिएजची (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची) करामत वाटते. पिचिया पीएच ३ ते ७ मध्ये कुठेही वाढतो, तेव्हा आधी बफर बदला, फुकटात होतं. पेप४ हा प्रोटिएजचा जीन नसलेले स्ट्रेन मिळतात, पण ते रडतखडत वाढतात.

आणि शेकरला कूलिंग आहे का? फ्लास्कमध्ये किती भरता?

फोंडेकर_यीस्ट: कूलिंग नाही. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली.

जुना_फर्मेंटर, वेर्णा: अरे देवा! मग जीन बदलायच्या गोष्टी कशाला? आपल्याकडच्या मे महिन्यात असा शेकर ३० अंशांवर राहील कसा? इंडक्शनला (मिथेनॉल देऊन जीन चालू करताना) ३२ च्या वर गेलात की पेशी मरायला लागतात. एसीच्या खोलीत २५ वर चालवा. २५ मिलीच भरा, बॅफलवाला (तळाला खाचा असलेला) फ्लास्क घ्या. मिथेनॉल फोडणारं अल्कोहोल ऑक्सिडेज ऑक्सिजनवरच चालतं; हवा नाही तर काही नाही.

ताळगाव_एमएस्सी: यूव्हीबद्दल सांगते. माडाच्या सुरातून (ताडीतून) किंवा काजूच्या निऱ्यातून (रसातून) काढलेल्या रानटी यीस्टवर ते शोभतं, परका जीन नको असेल तेव्हा. तुमच्याकडे अडचण कुठे आहे हे कळलेलं असताना अंधारात गोळ्या का झाडायच्या? केलंच तर ट्रायब्युटिरिन (एक चरबी) घातलेल्या प्लेटवर लायपेजचं स्वच्छ वलय बघा, पण कॉलनीच्या आकाराशी ताडून. मोठ्या कॉलनीचं वलय मोठंच दिसतं. प्लेट उलटी ठेवून झाकणात मिथेनॉल घाला आणि ते रोज बदला, उडून जातं.