अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप : भागणे नेमके कुठे थांबवावे?

प्रश्न (पालक, यवतमाळ जिल्हा)
माझी मुलगी सहाव्या वर्गात आहे. आमची जमीन १ हेक्टर २६ आर, म्हणजे १२६ आर असून त्यातील ८४ आरांत यंदा कपाशी आहे. कपाशीचा भाग काढताना तिने ८४/१२६ ला २ ने भागून ४२/६३ केले आणि ६३ विषम असल्यामुळे ती तिथेच थांबली. उत्तर २/३ आहे असे सांगताच तिने विचारले, "बाबा, मग कपाशी कमी झाली का?" तिला काय सांगावे?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक)
तिचा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. १२६ आरांचे एकेक आराचे तुकडे पाडून त्यांतले ८४ मोजले काय, किंवा मधले धुरे मोडून ४२ आरांचे तीन मोठे तुकडे केले व त्यांतले दोन मोजले काय, कपाशी तेवढीच राहते. बदलतो तो केवळ तुकड्यांचा आकार आणि त्यांची संख्या. थांबण्याविषयी म्हणाल, तर अंश व छेद यांना १ शिवाय सामाईक विभाजक उरला नाही की थांबावे. ४२ आणि ६३ या दोघांना २१ ने भाग जातो, म्हणून तिचे काम अर्धवट आहे. मात्र दोन्ही संख्या मूळ असाव्यात असे नाही : ८ व १५ यांपैकी एकही मूळ नाही, तरी ८/१५ अतिसंक्षिप्तच आहे.

उत्तर २
विभाजक डोळ्यांना दिसत नसेल तेव्हा भागाकाराने मसावि (सर्वांत मोठा सामाईक विभाजक) काढावा. ९१/११९ घ्या, येथे २, ३, ५ च्या कसोट्या काहीच सांगत नाहीत. ११९ ला ९१ ने भागल्यास बाकी २८, ९१ ला २८ ने भागल्यास बाकी ७, आणि २८ ला ७ ने पूर्ण भाग जातो. मसावि ७, म्हणून उत्तर १३/१७. ही रीत युक्लिडच्या काळापासूनची आहे.

उत्तर ३
मुले अंकच खोडतात, तिकडेही लक्ष असू द्यावे. १६/६४ मधील दोन्ही ६ खोडल्यावर १/४ हे बरोबर उत्तर मिळते, पण तो निव्वळ योगायोग आहे. १३/३९ मधील ३ खोडले, तर १/९ असे चुकीचे उत्तर येते, खरे उत्तर १/३ आहे.

प्रश्नकर्ता
धुऱ्यांचे उदाहरण तिला लगेच पटले. आता तिने उताऱ्यावरचा ७/१२ संक्षिप्त करायला घेतला होता. तो अपूर्णांक नसून गाव नमुना ७ व गाव नमुना १२ आहे, हे समजावण्यातच संध्याकाळ गेली.